एक बुट्टी बांधाची माती

शाळेचा सूक्ष्मदर्शक सोमवारच्या प्रार्थनेआधी
कपाटात परत गेला पाहिजे.
किल्ली माझ्याकडंच असते.
बावीस वर्षं काचनळ्या धुतेय मी,
तेवढा हक्क सरांनी न बोलता दिलाय.

यळ्ळूरच्या शिवारात भात निघालं
की त्याच ओलीवर मसूर पडते.
यंदा शेताच्या मधली पिवळी, वीतभर.
बांधालगतची गुडघ्याला लागते.
ओमाण्णा म्हणाला, टाकूया की अजून अर्धं पोतं डीएपी.
म्हटलं, थांब जरा,
आधी मुळाला विचारूया.

दोन्हीकडची रोपं खुरप्यानं सैल करून काढली.
मुळं धुतली, चुलीवर सोड्याच्या पाण्यात उकळली.
"काय शिजवायलीस गे, वास कसला?" पलीकडून नीलव्वा.
मग कपाटाच्या तळाशी उरलेली निळी शाई,
नूडल्सच्या गाड्यावरून मागून आणलेलं
अर्धा कप व्हिनेगर.

काचेवर मधलं मूळ: जवळजवळ कोरं.
चार महिने पाणी तुंबलेल्या रानात
बुरशीचा धागा फारसा तगत नाही.
गाठी आहेत, खसखशीएवढ्या,
फोडल्या तर आत राखाडी.

बांधाजवळचं मूळ:
पेशीपेशीत निळी झुडपं,
फांद्या मोजता मोजता डोळ्याला पाणी आलं.
गाठ नखानं फोडली.
आत डाळिंबी.

मला कळलं ते एवढंच:
मूळ पोचत नाही तिथं धागा जातो.
धाग्याच्या ओल्या अंगावरून जिवाणू सरकतात,
वलणीच्या दोरीवरून मुंग्या जाव्यात तसे.
धागा त्यांना साखरेचं बोट चाटवतो,
ती साखरही त्याची नव्हे, पानाची.
ते आंबट काहीतरी सोडतात,
आणि मातीनं दाताखाली धरलेला स्फुरद सुटतो.
धागा तो उचलून मुळाशी आणतो.
गाठीतले वेगळे, हवेतला नत्र धरणारे;
हा स्फुरद मिळाला नाही तर
त्यांचे हात चालत नाहीत.
कोण कुणाकडं कामाला आहे, सांगता येत नाही.
नीलव्वा कन्नडात ओरडते,
मी मराठीत उत्तर देते,
ताक वेळेवर पोचतं.

हे सगळं उरलं ते बांधावर.
हरळी, लव्हाळा, एक बोरीचं झुडूप.
तिथं नांगर जात नाही, पाणी चढत नाही.
शटुप्पामामाचं आणि आमचं भांडणही तिथलंच:
दरवर्षी दोन्हीकडून कुदळीचा एकेक घाव,
आता दीड हात उरलाय.
मोजणीवाले दोनदा येऊन चहा पिऊन गेले.

मागच्या दारी सिमेंटची फुटकी टाकी आहे.
तिच्यात ही माती भरायची, मका लावायचा,
त्याच्या मुळांवर धागा वाढू द्यायचा,
पुढच्या मसुरीला तासात मूठ मूठ.
म्हणून बुट्टी घेऊन गेले.
हरळीसकट पहिली बुट्टी भरली तोच मामा हजर.
"आता बायकांनीबी बांध फोडायला सुरू केलासा काय?"

त्याला घरी आणलं. स्टुलावर बसवलं.
एक डोळा झाक म्हटलं.
"काळं केसागत हालायलंय काहीतरी."
ती त्याचीच पापणी होती.
स्क्रू फिरवला. परत बघितलं त्यानं,
बराच वेळ, तोंड उघडं टाकून.
"हे माझ्या अंगालाबी हाय काय?"
म्हटलं, मामा, त्याला कुठं ठाऊक तुमचं अंग कुठलं.

चहा घेतला नाही.
जाताना टाकीजवळ थांबला, चिरेत बोट घातलं.
"हितनं पाणी जाईल सगळं. शेण लाव.
मका घरचा हाय माझ्याकडं, पाठवून देतो."
फाटकाशी परत वळला.
"बांधाचं मात्र मोजणी झाल्यावरच."

रात्री काचपट्ट्या धुतल्या, पुसून डबीत ठेवल्या.
शाई नखातून जात नाही.
सोमवारी पोरं विचारणार,
मावशी, परीक्षा दिलीसा काय?